पडद्यावर काय ठेवायचे

प्रशिक्षण ठरले की पहिले काम कोणते? बहुतेक कार्यालयांत, शाळांत, बँकांत आणि स्वयंसेवी संस्थांत याचे उत्तर आज एकच आहे: पीपीटी करायची. समोर कोण बसणार आहे हे विचारायच्या आत टेम्प्लेट उघडले जाते. वर शीर्षकाची चौकट, खाली बुलेटांची चौकट. हाताशी असलेल्या परिपत्रकातला मजकूर त्या चौकटींत भरला जाऊ लागतो. हे पुस्तक असे काम करावे लागणाऱ्या सगळ्यांसाठी आहे: केंद्रप्रमुख, आरोग्य विभागातले प्रशिक्षक, कंपनीतले एचआरवाले, ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करणारे शिक्षक. यांपैकी फार थोड्यांनी चित्रकला किंवा मुद्रणकला शिकलेली असते, आणि त्याची गरजही नाही.

या कामाला डिझाइन म्हटले की रंग, चित्रे आणि हलणारी अक्षरे डोळ्यांपुढे येतात. मजकूर भरून झाला की फाइल कार्यालयातल्या एखाद्या हौशी सहकाऱ्याकडे जाते, 'जरा छान करून दे' एवढ्या निरोपासह. तोवर उशीर झालेला असतो. पडद्यावर एका वेळी काय दिसेल, त्यात सर्वांत मोठे काय असेल, आधी काय आणि नंतर काय येईल, कशाला जागाच मिळणार नाही, हे निर्णय म्हणजेच दृश्यरचना. ते निर्णय विषय जाणणाऱ्या माणसानेच घ्यायचे असतात. त्याने ते टाळले की टेम्प्लेट ते घेते, आणि टेम्प्लेटला विषयातले काहीच कळत नाही.

पॉवरपॉइंट आले तेव्हा त्याचे काम मर्यादित होते. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी फोरथॉट या छोट्या कंपनीत तयार केलेली पहिली आवृत्ती १९८७ मध्ये मॅकिंटॉशसाठी निघाली. ती कृष्णधवल होती, आणि तिच्यातून ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायच्या पारदर्शिका छापून घ्यायच्या असत. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरना विकत घेतली. हाताने पारदर्शिका लिहिलेले शिक्षक आजही भेटतात. फिल्म लहान, पेन जाड, खोडाखोड किचकट. त्यामुळे काय लिहायचे आणि काय तोंडी सांगायचे याची निवड आपोआप होत असे. संगणकाने ही अडचण दूर केली. मजकूर मावेना की अक्षर आपोआप बारीक होते. या एका सोयीने प्रशिक्षणाचे जेवढे नुकसान केले, तेवढे भडक रंगांनीही केले नसेल.

ते नुकसान किती खोल जाऊ शकते याचे उदाहरण जगाला ठाऊक आहे, आणि आपल्यालाही ते जवळचे आहे, कारण त्या यानात कर्नालची कल्पना चावला होती. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया अवकाशयान उडाले. सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असतानाच बोइंगच्या अभियंत्यांनी या आघाताचा अभ्यास केला आणि नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइडच्या रूपात मांडला. त्यातल्या एका स्लाइडचे पुढे एडवर्ड टफ्टी या माहितीरचनेच्या अभ्यासकाने ओळ न् ओळ विश्लेषण केले. स्लाइडचे शीर्षक दिलासा देणारे होते: चाचण्यांच्या निष्कर्षांत सुरक्षिततेला वाव ठेवलेला आहे, असा त्याचा रोख. त्याखाली बुलेट, बुलेटखाली उपबुलेट, त्याखाली आणखी आत सरकलेल्या ओळी. 'लक्षणीय' या अर्थाचा शब्द त्या एका स्लाइडवर पाच वेळा आला होता, आणि दर वेळी किती लक्षणीय ते सांगितलेले नव्हते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट सर्वांत खाली होती, आत सरकलेल्या ओळीत. पंखावर आदळलेल्या वस्तूचे आकारमान त्या ओळीत १९२० घनइंच धरले होते, आणि ज्या चाचण्यांच्या आधारे निष्कर्ष काढला त्यांतला तुकडा ३ घनइंचांचा होता. म्हणजे ६४० पट. एवढा फरक असेल तर त्या चाचण्यांवरून या आघाताबद्दल काही सांगता येणार नाही, हे शाळेतल्या मुलालाही कळेल. पण त्या दोन आकड्यांचा भागाकार कोणी मांडलेला नव्हता, आणि लहान-मोठे दोन ठोकळे तर कोणी काढलेच नव्हते. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यानाचे तुकडे झाले; सातही अंतराळवीर मृत्यू पावले. अपघात चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ मधल्या अहवालात टफ्टींचे हे विश्लेषण घेतले, आणि असली स्लाइड वाचून वरिष्ठांच्या ध्यानात प्राणसंकट आलेच नसेल तर नवल नाही, असे मत नोंदवले.

अपघाताची कारणे अनेक होती. एका स्लाइडने यान पाडले असे कोणी म्हणू नये. मला त्या स्लाइडमध्ये अस्वस्थ करते ते हे की तिच्यावरचा आकडा खोटा नव्हता. अभियंत्यांना माहीत होते, त्यांनी लिहिलेही होते. फक्त पानाच्या रचनेने ती माहिती किरकोळ ठरवली. टेम्प्लेटमध्ये आत सरकलेली ओळ म्हणजे कमी महत्त्वाची ओळ, आणि वाचणाऱ्याचा डोळा त्या संकेतावर विश्वास ठेवतो. आपल्या जिल्ह्यातल्या प्रशिक्षणात जीव असे एका क्षणात जात नाहीत. पण औषधाची मात्रा, विजेच्या खांबावर चढण्याआधीची खबरदारी, सायबर फसवणुकीत पहिल्या तासात करायची तक्रार, हेही बऱ्याचदा सातव्या बुलेटमध्ये बारीक अक्षरांत असते.

माणसाचे लक्ष मर्यादित असते हे सांगायला शास्त्रज्ञाची गरज नाही. ते कसे मर्यादित असते, हे मात्र संशोधनातूनच कळले. ऑस्ट्रेलियातले जॉन स्वेलर यांनी १९८८ च्या सुमारास मांडलेल्या सिद्धांताचा गाभा असा: नवी गोष्ट समजून घेताना मनाचा जो भाग काम करतो त्याची जागा फार थोडी असते, आणि मांडणीच्या गोंधळात ती खर्च झाली तर शिकायला काही उरत नाही. आकृती एका पानावर आणि तिच्या भागांची नावे दुसऱ्या पानावर असली, किंवा आकृतीत फक्त क, ख, ग आणि खाली त्यांची सूची असली, की शिकणारा खालीवर करण्यातच दमतो. नाव त्या भागाच्या शेजारी लिहिले की हा शीण संपतो. इतका साधा उपाय, आणि तरीही आपली क्रमिक पुस्तके व प्रशिक्षणसाहित्य सूच्यांनी भरलेले आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा केंद्रातल्या रिचर्ड मेयर यांनी याच वाटेने पुढे जाऊन अनेक वर्षे प्रयोग केले. त्यांतले विजेवरचे प्रयोग प्रत्येक प्रशिक्षकाने लक्षात ठेवावेत. आकाशात वीज कशी तयार होते हा धडा काहींना साधा दिला आणि काहींना विजेबद्दलच्या रंजक, थरारक माहितीची भर घालून दिला. भर घातलेल्या धड्यातून शिकणाऱ्यांना मुख्य प्रक्रिया कमी समजली. रंजक मजकूर विषयाशी संबंधित होता, तरीही त्याने विषयाचीच जागा खाल्ली. धडा 'इंटरेस्टिंग' व्हावा म्हणून टाकलेला विनोदी जीआयएफ, कोपऱ्यात हलणारी पणती, प्रत्येक स्लाइडवरचे वेगळे फूल, पार्श्वभूमीला मंद बासरी, यांबद्दल माझे मत त्यामुळे कठोर आहे. काढून टाका.

सात मुद्द्यांच्या नियमाबद्दलही इथेच लिहितो, कारण तो प्रशिक्षकांच्या प्रशिक्षणात हटकून शिकवला जातो. जॉर्ज मिलर यांचा १९५६ चा प्रसिद्ध निबंध ऐकलेल्या-पाहिलेल्या गोष्टी क्षणभर लक्षात ठेवण्याच्या आणि त्यांच्यात भेद करण्याच्या मर्यादेबद्दल होता. स्लाइडवर सात बुलेट चालतात, असे त्यात कुठेही नाही. एका स्लाइडवर एक म्हणणे, हा नियम मला अधिक उपयोगी वाटतो.

मेयर यांचा आणखी एक निष्कर्ष आपल्या सभागृहांना थेट लागू पडतो. चित्र दाखवून बोलले तर समजते. चित्र दाखवून, बोलून, वर तेच बोलणे शब्दशः पडद्यावरही लिहिले तर समज वाढत नाही, उलट घटते. डोळे वाचनात गुंततात, वाचनाचा वेग बोलण्याच्या वेगाशी जुळत नाही, आणि चित्राकडे कोणी पाहत नाही. स्लाइड वाचून दाखवणारा वक्ता कंटाळवाणा वाटतो त्यामागे हेही कारण आहे. याला अपवाद आहेत. ऐकू न येणाऱ्यांना अक्षरे हवीतच. परक्या भाषेतला पाठ असेल, किंवा एखादा अवघड पारिभाषिक शब्द पहिल्यांदा येत असेल, तर तो लिहून दाखवावा. म्हणून ऑनलाइन पाठात संपूर्ण निवेदन उपशीर्षकांच्या रूपात द्यावे, आणि ते दाखवायचे की लपवायचे हे शिकणाऱ्याच्या हाती ठेवावे.

ही समज आपल्याकडे प्रयोगशाळेआधीची आहे. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळी गावातले ठाकर कलावंत चित्रकथी सादर करतात. रामायण-महाभारतातल्या एका आख्यानाची चित्रे म्हणजे एक पोथी. कलावंत एका वेळी एकच चित्र प्रेक्षकांपुढे धरतो आणि कथा गाऊन सांगतो. कथा चित्रावर लिहिलेली नसते. चित्रातली माणसे ठसठशीत बाह्यरेषांची, मोठ्या डोळ्यांची, मागे फारसा देखावा नाही, त्यामुळे दूर बसलेल्यालाही कोण कोणाशी लढतो आहे ते कळते. पुढचा प्रसंग आला की पुढचे चित्र. ही परंपरा जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा वृत्तपत्रांतून लोककला म्हणून तिचे कौतुक झाले. मला वाटते, प्रशिक्षकांनी तिच्याकडे आपल्या व्यवसायातल्या कारागिरांचे काम म्हणून पाहावे. काय दाखवायचे आणि काय बोलायचे याची वाटणी इतकी स्वच्छ केलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

मग आपल्या स्लाइड मजकुराने का भरतात? 'पीपीटी पाठवून द्या' या विनंतीमुळे. सभागृहात दाखवायची फाइल हीच नंतर टिपणे म्हणून वाटायची असते, वरिष्ठांना अहवाल म्हणून द्यायची असते, आणि गैरहजर राहिलेल्यांना घरी वाचायची असते. एकच फाइल चार कामे करते आणि एकही धड करत नाही. उपाय थोडा जास्त वेळ मागतो, पण तोच खरा आहे: दाखवायची स्लाइड वेगळी, वाचायचे टिपण वेगळे. टिपण वर्डमध्ये, पूर्ण वाक्यांत, दोन-चार पानांचे. ते हातात असले की स्लाइडवरची गर्दी आपोआप ओसरते.

स्लाइडचे शीर्षक कसे असावे यावर पुस्तकात एक पूर्ण प्रकरण आहे. इथे एकच उदाहरण. आशा कार्यकर्त्यांना जलसंजीवनी कशी द्यायची हे शिकवायचे आहे. नेहमीच्या स्लाइडचे शीर्षक असते 'ओआरएस', खाली व्याख्या, घटक, फायदे, कृती, दक्षता. आता विचार करा, घरोघरी चूक कुठे होते? पाकीट थोडे थोडे करून पेल्यात टाकले जाते. तर शीर्षक असे लिहू: 'एक लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळा'. खाली एक लिटरची बाटली आणि फोडलेले पाकीट, शेजारी शेजारी. पुढच्या स्लाइडवर पेला आणि अर्धे पाकीट, त्यावर मोठी फुली. तिसरी: 'तयार द्रावण २४ तासांत संपवा, उरले तर फेका'. घटक टिपणात गेले. शीर्षकात विषयाचे नाव देण्याऐवजी पूर्ण म्हणणे मांडायचे आणि खाली त्याचा दृश्य पुरावा ठेवायचा, ही पद्धत अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठातले मायकेल अॅली अभियंत्यांना वर्षानुवर्षे शिकवत आले आहेत. मराठीला ती विशेष मानवते. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे शीर्षक पूर्ण वाचले की काय करायचे ते कानात राहते.

आता देवनागरीबद्दल. या विषयावरची बहुतेक पुस्तके रोमन लिपीसाठी लिहिलेली आहेत, आणि त्यांतले सल्ले जसेच्या तसे घेतले की मराठी पडदा बिघडतो. आपल्या ओळीला वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार असतात, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. इंग्रजीला पुरणारे ओळींमधले अंतर इथे अपुरे पडते. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. ओळींमधले अंतर दीडपटीपर्यंत नेऊन पाहा. अधोरेखित करू नका, रेघ नेमकी उकारावरून जाते, आणि 'कु' आहे की 'कृ' हे मागे बसलेल्याला कळत नाही. अक्षरे विरळ करू नका, शिरोरेखा तुटते. मोठ्या लिपीतली अक्षरे, म्हणजे कॅपिटल, आपल्याकडे नाहीत, आणि यंत्राने तिरपी केलेली देवनागरी वाचवत नाही. मग भर द्यायचा कशाने? ठळक वजनाने, आकाराने किंवा रंगाने, आणि एका वेळी यांपैकी एकाच गोष्टीने.

फाँटच्या निवडीत मराठी प्रशिक्षकांनी फार सोसले आहे. युनिकोडच्या आधीच्या पिढीतले फाँट वापरून केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की पडद्यावर रोमन चिन्हांचा खच पडतो, आणि तो नेमका उद्घाटनाला पडतो. आज हे सोसायचे कारण उरलेले नाही. विंडोजबरोबर येणारा मंगल हा युनिकोड फाँट र. कृ. जोशी यांनी घडवला. मुंबईत आयआयटीत शिकवलेल्या या सुलेखनकाराचे भारतीय लिप्या संगणकावर आणण्यातले ऋण मोठे आहे. मुंबईच्याच एक टाइप या गटाचे मुक्त आणि बलू हे फाँट विनामूल्य मिळतात. मुक्तमध्ये बारीकपासून अतिठळकपर्यंत अनेक वजने आहेत, त्यामुळे शीर्षक आणि मजकूर एकाच कुळातून घेता येतात. एक गोष्ट आग्रहाने सांगतो: मराठी 'ल' आणि 'श' यांची वळणे हिंदीतल्या वळणांहून वेगळी आहेत. मुलांना शाळेत जे वळण शिकवतो तेच त्यांच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात दिसायला हवे. काही फाँटांत मजकुराची भाषा 'मराठी' निवडली की ती अक्षरे आपोआप बदलतात. ही एक निवड कोणी करत नाही.

रंगांविषयी थोडक्यात. पार्श्वभूमी आणि अक्षर यांच्यातला तेजाचा फरक पुरेसा हवा. वेबवरच्या सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत साध्या मजकुरासाठी ते प्रमाण किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ : १ मानलेले आहे, आणि ते मोजून देणारी साधने इंटरनेटवर फुकट आहेत. पांढऱ्यावर पिवळे, हिरव्यावर लाल, निळ्यावर जांभळे, हे तिथेच नापास होते. शिवाय जिल्हा परिषदेच्या शाळेत खिडक्यांना पडदे नसतात. भर दुपारी गडद पार्श्वभूमीची स्लाइड भिंतीवर उमटतच नाही. तिथे पांढऱ्यावर काळेच बरे. आणि लाल-हिरव्यात फरक न कळणारे पुरुष प्रत्येक मोठ्या तुकडीत असण्याची शक्यता आहे. प्रश्नमंजूषेत बरोबर उत्तर हिरवे आणि चूक लाल दाखवून थांबू नका. शेजारी टिक आणि फुली द्या.

२०२० च्या टाळेबंदीने ऑनलाइन प्रशिक्षण घरोघरी नेले. २०१७ मध्ये सुरू झालेल्या दीक्षा मंचावर शिक्षकांचे निष्ठा प्रशिक्षण २०२० मध्ये ऑनलाइन झाले, आणि सरकारी कर्मचाऱ्यांसाठी आयगॉट कर्मयोगी आले. महाराष्ट्राला याआधीही सवय होती: २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटीने गावोगावच्या माणसांना पडद्यावरून शिकायला बसवले होते. पण सभागृहात वक्ता सांभाळून घेतो. समोरचे चेहरे पाहून तो थांबतो, मागे जातो, उदाहरण बदलतो. ऑनलाइन पाठात ते सगळे रचनेला करावे लागते. पाठाचे लहान तुकडे करून प्रत्येकानंतर शिकणाऱ्याला थांबू दिले तर तो अधिक शिकतो, हेही मेयर यांच्या प्रयोगांत दिसले. 'पुढे' हे बटण प्रत्येक पानावर त्याच जागी हवे. आणि निवेदन संपेपर्यंत ते बटण कुलूपबंद ठेवण्याची जी पद्धत पडली आहे ती शिकणाऱ्याचा अवमान करते. त्याने आधीच वाचले असेल, त्याला आधीच येत असेल. त्याचा वेळ त्याचा आहे.

यातला बराच अभ्यास फोनवर होतो, एसटीत, शेतावर, स्वयंपाक होता होता. संगणकावर ठीक वाटणारी स्लाइड फोनच्या पडद्यावर उघडून हात लांब करून पाहा. जे वाचता येत नाही ते तिथे नाहीच, असे समजा. आणि पाठ पूर्ण होण्याआधीच, कागदावरच्या कच्च्या रेखाटनाच्या टप्प्यावर, तो ज्यांच्यासाठी आहे अशा दोघा-तिघांना दाखवा. पाच सेकंद दाखवून झाका आणि विचारा, काय दिसले? आवडले का, हे विचारू नका; आपली माणसे सभ्य असतात, ती हो म्हणतात.

राहिला चित्रांचा प्रश्न, आणि तो मला सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. तयार चित्रसंग्रहांत सुटाबुटातली माणसे काचेच्या इमारतीत हस्तांदोलन करत असतात. अंगणवाडीच्या प्रशिक्षणात ती चित्रे घातली की ताईंना पहिल्याच स्लाइडवर कळते की हे आपल्यासाठी केलेले नाही. त्यापेक्षा त्यांच्याच अंगणवाडीत, त्यांची आणि मुलांच्या पालकांची परवानगी घेऊन, फोनवर काढलेला फोटो चांगला. त्यात उजेड कमी असेल, पण वजनकाटा तोच असेल जो उद्या त्या हातात घेणार आहेत. फोटोत गर्दी होते तिथे रेखाचित्र हवे, आणि महाराष्ट्रात रेखाचित्रे काढणारे हात थोडेथोडके नाहीत. प्रत्येक जिल्ह्यात कलाशिक्षक आहेत, मुंबईत १८५७ पासून जे. जे. कला विद्यालय आहे. मराठी प्रशिक्षकांनी आणि चित्रकारांनी मिळून सर्वांना वापरता येईल असा एक खुला चित्रसंग्रह उभा करावा, अशी माझी फार इच्छा आहे. पहिली यादी मी पुस्तकाच्या परिशिष्टात दिली आहे. तीत लुगडे नेसलेली आजी बँकेच्या खिडकीपाशी उभी आहे, वायरमन खांबावर चढण्याआधी हातमोजे घालतो आहे, मुलाची उंची मोजताना ताईंचा डोळा पट्टीच्या पातळीला आहे, आणि फवारणी करणाऱ्या शेतकऱ्याची पाठ वाऱ्याच्या दिशेला आहे. वाचकांनी त्यात भर घालावी, आणि ज्यांना काढता येते त्यांनी काढायला घ्यावे.